परवाना कुणाच्या नावावर?

दिवाळीत उरलेले सुतळी बॉम्ब यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या घरी पोरांच्या हाती राहत नाहीत. ते कोरड्या डब्यात भरून वर ठेवले जातात. हरभरा वर आला, तुरीच्या शेंगा भरल्या, की हे बॉम्ब एकेक करून वावरात जातात. रानडुकरांचा कळप धुऱ्यावरून आत शिरल्याची चाहूल लागली की एक वात पेटते. कळप पळतो, बाजूच्या वावरात जातो, तिथला माणूस त्याची वात पेटवतो. तासाभराने कळप परत येतो. पहाटेपर्यंत असेच चालते.

याला जागल म्हणतात. जागलीवर जाणाऱ्याकडे बॅटरी असते, काठी असते, वाजवायला पत्र्याचा डबा असतो, जवळ शेकोटी असते. आता काहींकडे सौर कुंपणाचे झटका मशीनही आले आहे. पण राळेगाव, केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत जागलीचा माणूस नुसत्या डुकरांची आणि रोह्यांची, म्हणजे नीलगायींची, वाट पाहत नाही. त्याच रानात पट्टेदार वाघ फिरतो. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. तिथे वाढलेले वाघ जागा शोधत बाहेर पडतात, आणि बाहेर म्हणजे पऱ्हाटीची वावरे, झुडपी जंगल आणि कोलामांचे पोड. या भागात बसून बोलू लागले की एक प्रश्न हमखास कानी येतो. ‘वाघ समोर आला त काठीनं का करन माणूस?’ आणि त्याच्या पाठोपाठ मागणी येते, आम्हाला बंदुकीचा परवाना द्या.

ही मागणी मोर्च्यांतून, निवेदनांतून वर्षानुवर्षे होते आहे. शहरात बसून ती ऐकताना आपण दचकतो. अमेरिकेतल्या शाळांचे गोळीबार आठवतात आणि नको रे बाबा म्हणून विषय संपतो. मला तो इतक्या लवकर संपवावासा वाटत नाही. बंदूक कुणाच्या हाती असावी, हा प्रश्न विचारायला यवतमाळसारखा जिल्हा देशात क्वचित सापडेल. एका रात्री एका वाघिणीवर चाललेल्या बंदुकीने या जिल्ह्याचे नाव जगभर गेले, आणि ती बंदूक कुणाच्या परवान्यावर, कुणाच्या हुकमाने आणि कुणाच्या बोटाने चालली, यावर सरकारी चौकशी झाली.

आधी कायदा पाहू. शस्त्र कायदा १९५९ सालचा. तो वाचताना मी थबकलो ते तेराव्या कलमाशी. परवाने कुणाला द्यावेत याचा क्रम तिथे लावला आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक, किंवा पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या भारतीय नागरिकाला परवाना द्यावा, असे कायदा आधी सांगतो. पीकरक्षणाला ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर साध्या नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर त्यानंतरच्या वर्गात येतात. तिथे ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. चौदाव्या कलमात परवाना नाकारण्याची कारणे आहेत. अर्जदार मनोरुग्ण असेल, शांततेला त्याच्यापासून धोका असेल, तर नकार. पण त्याच कलमात एक ओळ अशीही आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही.

दोन एकर कोरडवाहूच्या मालकासाठी १९५९ च्या संसदेने ही ओळ लिहून ठेवली आहे, असे मला ती वाचताना वाटले. कायद्याच्या नजरेत पिकाच्या राखणीची बंदूक ही साधी, समजण्यासारखी गरज आहे आणि कमरेचे पिस्तूल ही अपवादाची गोष्ट. समाजात मात्र हा क्रम उलटला. पिस्तूल कमरेला आले ते नेत्याच्या, बिल्डरच्या, वाळूच्या ठेकेदाराच्या. जागलीवरच्या माणसाच्या वाट्याला सुतळी बॉम्ब राहिला.

आकडे सांगायचे तर, २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजारांवर शस्त्र परवाने होते. त्यांपैकी पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजार. लोकसंख्येच्या मानाने आपले राज्य संयमी म्हणावे असेच. पण ते परवाने कोणत्या कारणासाठी दिले गेले, हे सामान्य वाचकाला सहज पाहता येईल असे कुठे मांडलेले नाही, आणि खरी माहिती तिथेच दडलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि अवघ्या महाराष्ट्राने बीडच्या शस्त्र परवान्यांचा आकडा पहिल्यांदा ऐकला. तो बाराशेच्या वर होता. मग छाननी झाली, परवाने रद्द होऊ लागले. म्हणजे जे रद्द व्हायला हवे होते ते एक माणूस जाईपर्यंत चालू होते.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली दोन प्रकरणे आठवा. २ तारखेला उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या प्रकरणात तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. ८ तारखेला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे निघाले. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे. यवतमाळच्या त्या रात्रीचा प्रश्नही नेमका हाच होता.

त्या रात्रीकडे येण्याआधी थोडे मागे जायला हवे. बंदुकीबद्दलचे आपले मन इंग्रजी अमलात घडले. १८७८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे एकाच वर्षी आले, एक शस्त्रांचा आणि एक जंगलांचा. एकाने सामान्य हिंदी माणसाच्या हातची बंदूक परवान्यात बांधली आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. दुसऱ्याने त्याचे रान बांधले. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे, पण अनुभव तोच. याच जिल्ह्यात पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. गवत कापण्याचा हक्क मागायला माणसांना तुरुंगात जावे लागत होते, तिथे बंदुकीचे नाव कोण काढणार? तरीही १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घातला होता. निःशस्त्र केल्याची सल इतकी खोल होती.

मग घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी घटना समितीत हाच हक्क मूलभूत हक्कांमध्ये घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. आपल्या घटनेत शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे, शस्त्र बाळगण्याचा नाही. अमेरिकेने १७९१ मध्ये घेतले त्याच्या नेमके विरुद्ध वळण आपण समजून-उमजून घेतले. बाबासाहेबांचा निर्णय बरोबर होता, असे माझे ठाम मत आहे. ज्या समाजात जमीन, जात आणि सत्ता आधीच काही हातांत गोळा झाली आहे, तिथे बंदूक हा हक्क केला तर ती आधी त्याच हातांत जाते. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढवली आहे आणि उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. त्यांच्या परंपरेचा मान राखूनही सांगावेसे वाटते की, हा इंग्रजांच्या मर्जीचा वारसा आहे. यवतमाळच्या कोलामांवर आणि गोंडांवर अशी मर्जी कधी झाली नाही. फासेपारध्यांना तर १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ उजाडले. ज्यांना रान सर्वांत जास्त कळते, त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर परवाना असण्याचा प्रश्नच कधी आला नाही.

आता ती वाघीण. वन्यजीवप्रेमींनी तिला अवनी म्हटले, वनखात्याच्या कागदावर ती टी-वन होती. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या गावांत ती नुसती वाघीण. जून २०१६ मध्ये बोराटीच्या एका वृद्ध स्त्रीचा जीव गेला, आणि तिथून पुढच्या सव्वादोन वर्षांत त्या पट्ट्यात १३ माणसे गेली. ऑगस्ट २०१८ या एका महिन्यात तीन. सगळे बळी तिचेच होते का, यावर न्यायालयात वाद झाले. तिच्यासोबत त्या भागात एक नर वाघही होता. पण गावांच्या लेखी हिशेब सरळ होता. सराटी, लोणी, वेडशी, विहीरगाव इथे माणसे गटाने वावरात जाऊ लागली. गुरे चारायला कुणी धजेना. चारा विकत घेणे परवडेना. कापूस वेचायला बाई मिळेना, कारण पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की समोर पाच हातांवर काय बसले आहे ते दिसत नाही. त्या दोन वर्षांत बुडालेली मजुरी कुठल्याही नुकसानभरपाईच्या कागदावर आलेली नाही.

४ सप्टेंबर २०१८ रोजी राज्याचे प्रधान मुख्य वनसंरक्षक ए. के. मिश्रा यांनी हुकूम काढला. वाघिणीला आणि बछड्यांना बेशुद्ध करून पकडावे. वाघीण पकडणे शक्य झाले नाही तर आणखी माणसे मरू नयेत म्हणून तिला ठार करावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे कलम ११ वाघाबाबतचा हा अधिकार राज्यात फक्त एका माणसाला देते, मुख्य वन्यजीव रक्षकाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हुकूम थांबवला नाही. ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला.

मग देशाने पाहिली ती मोहीम. दोनशेच्या आसपास माणसे, कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, पॅराग्लायडर, शिकारी जातीचे कुत्रे, वास लावायला कॅल्व्हिन क्लाइनचे अत्तर, मध्य प्रदेशातून आणलेले हत्ती. ताडोब्यातून आणलेला हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याने राळेगाव तालुक्यातल्या चहांद इथे एका बाईचा जीव घेतला. वाघिणीपासून माणसे वाचवण्याच्या मोहिमेत गेलेला हा जीव. त्या बाईचा उल्लेख पुढच्या गदारोळात फारसा झाला नाही, म्हणून इथे मुद्दाम करतो.

बंदूक चालवायला हैदराबादचे नेमबाज शफात अली खान यांना बोलावले होते. विरोध झाला, त्यांना परत पाठवले, पुन्हा बोलावले. २ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. रात्री अकराच्या सुमारास बोराटीच्या जंगलातल्या रस्त्यावर वाघीण दिसली. जीपमधून तिला बेशुद्धीचा डार्ट मारला, ती उलटून जीपवर आली, आणि जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, असे गोळी झाडणाऱ्यांचे म्हणणे. गोळी झाडली ती शफात अली खान यांनी नव्हे. ते त्या रात्री तिथे नव्हतेच. गोळी त्यांचे चिरंजीव असगर अली खान यांनी झाडली.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने जो अहवाल दिला, तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड जीपकडे नव्हते, ती वळलेली होती, असे शवविच्छेदनावरून दिसले. डार्टमधले औषध दोन दिवसांहून अधिक आधी भरलेले होते. डार्ट बंदुकीतून सुटलाच का, याबद्दल पथकाने शंका घेतली. पशुवैद्यक हजर नव्हता. आणि ज्याने गोळी झाडली त्याला ती झाडण्याचा अधिकार दिलेला नव्हता. शस्त्र कायद्याचा भंग झाला, असे अहवालात नोंदले गेले.

तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी हा खून असल्याचे म्हटले आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांचा राजीनामा मागितला. मुनगंटीवारांनी खात्याची बाजू घेतली. समाजमाध्यमांवर देश दोन गटांत वाटला गेला. गावांत फटाके फुटले, पेढे वाटले. शहरातल्या अनेकांना ते पेढे क्रूर वाटले. मला ते क्रूर वाटले नाहीत. दोन वर्षे भीतीखाली घालवलेल्या माणसाने सुटकेचा श्वास घ्यायचा नाही तर काय करायचे? वाघिणीचे दहा-अकरा महिन्यांचे दोन बछडे मागे राहिले. त्यांतली मादी डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडले आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती मेली. पेढ्यांचा आनंद आणि त्या बछडीचे मरण, दोन्ही खरे आहे.

पण वाघीण मारावी की न मारावी या वादात एक गोष्ट हरवली. सरकारने जीव घ्यायचे ठरवले, न्यायालयाने ते ऐकून घेतले, इथवर सगळे कागदावर होते. शेवटची पायरी मात्र कागदाबाहेर गेली. ज्याचे नाव कागदावर होते तो माणूस तिथे नव्हता. ज्याच्या हाती बंदूक होती त्याचे नाव कागदावर नव्हते. मला बंदुकीच्या सगळ्या चर्चेत हीच गोष्ट मुळाशी दिसते. शस्त्राचा परवाना हा वस्तूचा परवाना नसतो. तो एका माणसाला, एका कारणासाठी, उत्तर देण्याच्या अटीवर दिलेला असतो. वाळूच्या ठेकेदाराचे पिस्तूल असो, अंगरक्षकाचे असो की सरकारी मोहिमेतली रायफल, ही अट सुटली की परवाना नुसता कागद उरतो.

आता जागलीवरच्या माणसाकडे परत येऊ. त्या तेरा जणांच्या हाती बंदूक असती तर ते वाचले असते का? प्रामाणिक उत्तर असे की बहुधा नाही. त्यांतले बरेच जण दिवसाउजेडी गेले, कुणी गुरांमागे, कुणी वावरात वाकून काम करताना. वाघ मागून येतो आणि मानेला धरतो. खांद्यावरची बंदूक उतरवायला वेळ मिळत नाही. आणि समजा मिळाला, तरी ठासणीच्या बंदुकीने जखमी झालेला वाघ धडधाकट वाघापेक्षा दसपट घातक. स्वतःचा जीव वाचवताना वाघ मेला तर तो गुन्हा नाही, हे कलम ११ मध्ये लिहिलेलेच आहे. तेव्हा वाघासाठी बंदूक ही मागणी भीतीतून येते. ती भीती मला पूर्ण समजते, पण तो इलाज खरा नाही.

रानडुकराचे तसे नाही. तिथे बंदुकीचा उपयोग आहे आणि कायदाही तयार आहे. उभ्या पिकाला धोका करणारे जनावर मारण्याची परवानगी कलम ११ खाली देता येते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे, त्याचे मांस खायचे नाही. इतके सगळे असून परवानग्या वापरल्या जात नाहीत, कारण शेतकऱ्याला दोन खिडक्यांवर उभे राहावे लागते. डुक्कर मारण्याची परवानगी वनखात्याची आणि बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा. पहिली मिळते, दुसरा मिळत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. या अटी योग्यच आहेत, एकही काढू नये. पण झरी जामणीच्या पोडावरचा माणूस हे प्रशिक्षण कुठे घेणार? शिवाय निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची वेळ येऊ शकते. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती. वावरात कापूस आणि तूर उभी असण्याचे ते दिवस.

मग माणूस काय करतो? कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो. किंवा पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो. तो डुकराचे तोंड उडवतो, गायीचेही उडवतो. तारेत वाघ मेले आहेत, बिबटे मेले आहेत आणि अंधारात ती तार विसरलेले शेतकरीही मेले आहेत. बंदूक नाकारली म्हणून हिंसा थांबली, असे समजणारा अधिकारी स्वतःचे समाधान करून घेतो. हिंसा फक्त अशा हत्यारात गेली, ज्याचा परवाना कुणी मागत नाही आणि जे समोर कोण आहे ते पाहत नाही.

तरीही घरोघरी बंदूक द्या, असे माझ्याच्याने म्हणवत नाही, आणि कारण पुन्हा यवतमाळच आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले, आणि तेव्हापासून या जिल्ह्याच्या नावापुढे आत्महत्याग्रस्त हा शब्द लागला तो सुटलेला नाही. २०१७ मध्ये फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले. ज्या घरात आधीच कर्जाची नोटीस आणि कीटकनाशक शेजारी शेजारी असते, तिथे बंदूक टांगायची? वाईट क्षण येतो आणि जातो. त्या क्षणी जवळ काय आहे यावर पुष्कळदा जगणे-मरणे ठरते. जीव घेणारी वस्तू हाताशी नसेल तर बरीच माणसे तो क्षण ओलांडून जगतात, हे जगभर अभ्यासलेले सत्य आहे. आणि धुऱ्याची भांडणे? भावाभावांत हातभर बांधावरून कुऱ्हाडी निघतात. कुऱ्हाडीपासून पळता येते, मधे पडणारा हात धरू शकतो. गोळीच्या मधे कुणी पडू शकत नाही.

ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ माणसे मारली गेली. त्या देशाने काही दिवसांत कायदा बदलायचे ठरवले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. तिथल्या नियमातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. बंदूक मागायला खरे कारण दाखवावे लागते. शेती आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त हे तिथे खरे कारण मानतात. ‘स्वतःच्या संरक्षणासाठी’ हे कारण मानत नाहीत. आपल्याकडे बडी माणसे ज्या कारणाने परवाने मिळवतात ते तिथे चालत नाही, आणि आपला शेतकरी ज्या कारणाने मागतो ते चालते. जपान त्याहून कडक. वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांची चौकशी, घरातल्या कपाटाची तपासणी. पण जपानी शेतकऱ्यांच्या गावांतही रानडुकरे मारणारे परवानाधारक शिकारी आहेत, आणि गावाला ते कोण हे माहीत असते.

जवळचे उदाहरण केरळचे. २०२२ मध्ये त्या सरकारने पंचायतींच्या प्रमुखांना रानडुकरे मारण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला. बंदूक चालवतात ते परवाना असलेले, यादीत नाव असलेले नेमबाज. प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक दिलेली नाही. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणानेही सरपंचांना असा अधिकार देण्याचा मार्ग धरला. मला हा मार्ग पटतो. यवतमाळमध्ये वाघाच्या पट्ट्यातल्या गावांत प्राथमिक बचाव दलांची तरुण मुले आधीच गर्दी आवरायला आणि माग काढायला उभी राहतात. त्यांतली निवडक, तपासलेली, शिकवलेली माणसे पीकरक्षणाच्या परवान्यावर घ्यावीत. त्यांत कोलाम असावेत, पारधी असावेत. बंदुका घरी न ठेवता वनपरिक्षेत्र कार्यालयात कुलपात ठेवाव्यात. कुणी, किती वाजता, कोणत्या वावरासाठी नेली, किती काडतुसे नेली आणि किती परत आणली, याची नोंदवही असावी आणि ती ग्रामसभेत वाचली जावी. आणि वाघावर गोळी झाडण्याची वेळ आलीच, तर ती झाडणारा माणूस सरकारी नोकर असावा. कुणाचा मुलगा, कुणाचा मित्र, कुणाचा पाहुणा नसावा.

बंदुकीआधी करायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, हेही सांगून टाकतो. रब्बीत पंपाला थ्री फेज लाइट रात्रीची येते, म्हणून माणूस रात्री वाघाच्या रानात उभा असतो. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज देण्याचे वचन आहे. ते वचन सर्वांत आधी टिपेश्वरच्या भोवतालच्या गावांत पुरे व्हायला हवे होते. कुंपणाचे अनुदान आहे, ते एकेका वावराला देण्यापेक्षा शिवाराला द्यावे, म्हणजे डुक्कर एकाकडून उठून दुसऱ्याकडे जाणार नाही. वाघाने माणूस मारला तर आता २५ लाख रुपये मिळतात. मेल्यावर २५ लाख देणाऱ्या सरकारने जिवंतपणी दिवसाची लाइट द्यावी, ही मागणी बंदुकीच्या मागणीपेक्षा स्वस्त आहे.

आणि एक मागणी या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो, कारण ती कुणीही करू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयाने आपल्या जिल्ह्यात किती शस्त्र परवाने चालू आहेत, त्यांतले पीकरक्षणासाठी किती, स्वसंरक्षणासाठी किती, आणि गेल्या पाच वर्षांत पीकरक्षणाचे किती अर्ज कोणत्या कारणाने नाकारले, एवढे चार आकडे नावांशिवाय जाहीर करावेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. यवतमाळच्या वाचकांनी तो यवतमाळसाठी करावा, बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्यासाठी. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या कामाच्या दिवशी करावा. तोवर तिकडे हरभऱ्याची पेरणी झालेली असेल आणि जागल सुरू झालेली असेल.